नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, बायकोकडे भारतीय: मग तिचा पीआर कधी?

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी पुण्याची एक मुलगी आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. मांडीवर दोन वर्षांचा मुलगा, समोर निवलेला चहा आणि हातात रेसिडेन्स कार्ड. "ताई, यावर सप्टेंबरची तारीख आहे," ती म्हणाली. "पाच वर्षं संपली की मला परत जावं लागणार का?" तिचा नवरा म्हापशाचा, पोर्तुगीज पासपोर्टवर आयर्लंडला आलेला. ती अजून भारतीय पासपोर्टवर. मी सावंतवाडीची आणि माझा नवरा डिचोलीचा, त्यामुळे आमच्याही घरात दोन रंगांचे पासपोर्ट आहेत. तिचा प्रश्न काही वर्षांपूर्वी मला पडला होता, आणि तेव्हा मराठीत सरळ समजावून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी तिला दिलं तेच उत्तर. परत जायचं नाही. उलट पाच वर्षं पूर्ण झाली की तिचा इथे राहण्याचा हक्क पहिल्यांदा तिचा स्वतःचा होतो. तोवर तो नवऱ्याच्या हक्काला बांधलेला असतो. तो काम करतोय म्हणून ती राहू शकते, तो या देशात आहे म्हणून ती राहू शकते. पाच वर्षांनंतर ही गाठ सुटते. नवऱ्याची नोकरी गेली, तो दुसऱ्या देशात गेला, संसार मोडला, तरी तिच्या राहण्याला धक्का लागत नाही. पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, तो हाच. (मी सगळीकडे बायको असं लिहितेय, पण पोर्तुगीज पासपोर्टवाल्या बायकोच्या भारतीय नवऱ्यालाही यातला शब्द न् शब्द लागू आहे.)

अशी घरं तयार कशी झाली, हे गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतं आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही लिस्बनला जन्माची नोंद करून ते नागरिकत्व मागता येतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. बऱ्याच घरांत एकानेच ही उडी घेतलेली असते. आणि बायको पुण्याची, बेळगावची, सिंधुदुर्गातली असेल, तर तिच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला नसतोच.

आता कायदा. युरोपीय संघाचा २००४ सालचा एक निर्देश आहे, क्रमांक २००४/३८. इथले लोक त्याला नुसतं डायरेक्टिव्ह म्हणतात. प्रत्येक सदस्य देशाने तो आपापल्या कायद्यात उतरवला आहे, म्हणून देशागणिक अर्जांची नावं बदलतात, गाभा तोच राहतो. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन हे देश संघात नाहीत, पण त्यांनाही हेच नियम लागू आहेत. स्वित्झर्लंडचा करार वेगळा आहे, त्यामुळे तिथल्या लोकांनी हा लेख जसाच्या तसा लावू नये.

सगळ्यात जास्त गैरसमज पुढच्या मुद्द्यावर होतात. नवरा युरोपीय नागरिक आहे एवढ्यावर हा हक्क मिळत नाही. तो स्वतःचा देश सोडून दुसऱ्या युरोपीय देशात राहत असला पाहिजे. पोर्तुगीज पासपोर्टवाला डिचोलीकर आयर्लंडात राहतो, म्हणून मला हा कायदा लागू. तोच उद्या मला घेऊन थेट लिस्बनला गेला असता, तर पोर्तुगालचा स्वतःचा कायदा लागला असता. नाशिकची मुलगी डच मुलाशी लग्न करून अ‍ॅमस्टरडॅमला जाते, तेव्हा तिच्यासाठी डच कायदा असतो. नवऱ्याच्या उत्पन्नाची अट येते, निघण्याआधी डच भाषेची परीक्षा येते. हेच जोडपं सीमेपलीकडे बेल्जियममध्ये, अँटवर्पला घर करून राहिलं की युरोपीय कायदा सुरू होतो आणि भाषेची परीक्षा गळून पडते. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. हा निर्देश नागरिकांना एका देशातून दुसऱ्या देशात मोकळेपणाने जाता यावं म्हणून केलेला आहे. बायको मागे ठेवावी लागणार असेल तर माणूस जाणारच नाही, म्हणून बायकोला हक्क दिला.

याला एक अपवाद आहे, आणि तो एका भारतीय माणसाच्या नावाने ओळखला जातो. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डला ब्रिटिश नागरिक असलेल्या मुलीशी लग्न केलं. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग व्यवसाय सुरू करायला ते ब्रिटनला परतले. तिथे प्रश्न उभा राहिला, की बायको आता स्वतःच्याच देशात आहे, मग नवऱ्याला युरोपीय कायदा कसा लागेल? १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की दुसऱ्या देशात काम करून जो नागरिक मायदेशी परततो, त्याच्या जोडीदाराला परतल्यावरही तसाच हक्क मिळाला पाहिजे. तीन दशकं उलटून गेली, तरी युरोपभरचे वकील 'सुरिंदर सिंग मार्ग' असंच म्हणतात. मात्र परदेशातला संसार खरा हवा. चार वीकेंड शेजारच्या देशात काढून तो हक्क मिळत नाही, हे न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं.

पहिले तीन महिने पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला यांपलीकडे फारसं काही लागत नाही. व्हिसा लागतो, पण तो फुकट आणि लवकर द्यायचा असा नियम आहे. तीन महिन्यांपुढे राहायचं तर नवऱ्याने काहीतरी करत असायला हवं: नोकरी, स्वतःचा धंदा, किंवा शिक्षण. काहीच करत नसेल, तर गाठीला पुरेसे पैसे आणि पूर्ण आरोग्यविमा हवा. विद्यार्थ्यालाही विमा लागतोच. मग बायकोने रेसिडेन्स कार्डासाठी अर्ज करायचा. अर्ज पोचल्याची पावती लगेच आणि कार्ड सहा महिन्यांच्या आत, असं निर्देशात लिहिलेलं आहे. नोकरी करायला तिला वेगळा परवाना लागत नाही.

त्या कार्डाबद्दल एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. कार्ड हक्क देत नाही, हक्क असल्याचा पुरावा देतं. हक्क कायद्याने आधीच मिळालेला असतो. त्यामुळे पाच वर्षं कार्डावरच्या तारखेपासून मोजायची नसतात. नवऱ्यासोबत या देशात कायदेशीरपणे राहायला लागलात, त्या दिवसापासून ती सुरू होतात. माझ्या ओळखीतल्या बहुतेक जणी कार्डाच्या तारखेपासून मोजतात आणि उगाच काही महिने स्वतःला उपरं समजत राहतात.

'सोबत' म्हणजे एकाच छपराखाली का, हेही मला बऱ्याचदा विचारतात. नाही. बर्लिनमध्ये राहणाऱ्या एका सेनेगली बाईच्या खटल्यात १९८५ मध्येच न्यायालयाने सांगितलं होतं, की नवरा-बायको वेगळ्या घरांत राहत असले तरी लग्न कायद्याने मोडेपर्यंत ते नवरा-बायकोच आहेत. त्यामुळे नवरा आठवडाभर डब्लिनला खोली घेऊन राहतो आणि शुक्रवारी रात्री घरी येतो, एवढ्याने काही बिघडत नाही. तो देश सोडून गेला तर मात्र बिघडतं.

आता गैरहजेरी, जिथे आपल्या बायकांचा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागतो. नियम असा, की वर्षभरात एकूण सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलात तर सलगता तुटत नाही. त्याशिवाय गंभीर कारणासाठी एकदाच, सलग बारा महिन्यांपर्यंत बाहेर राहता येतं. ही कारणं निर्देशात उदाहरणादाखल लिहून ठेवली आहेत: गंभीर आजार, शिक्षण, परदेशी झालेली नेमणूक. पण यादीत सगळ्यात पुढे कोणतं कारण आहे? गरोदरपण आणि बाळंतपण. ब्रुसेल्समध्ये बसून कायदा लिहिणाऱ्यांना आपल्याकडचं माहेरचं बाळंतपण ठाऊक असण्याचं कारण नाही, पण सातव्या महिन्यात ओटी भरून आईकडे जाणाऱ्या मुलीला पुरेल एवढी जागा त्यांनी ठेवली आहे.

माझ्याकडे आलेल्या मुलीच्या घशाशी नेमका हाच आवंढा अडकला होता. पहिल्या मुलाच्या वेळी ती सात महिने पुण्याला होती. "सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले, म्हणजे माझी सगळी वर्षं पुसली गेली का?" असं विचारताना तिचा आवाज चिरकला. मी तिला ते कलम वाचून दाखवलं. सात महिने बारात बसतात. फक्त कारणाचा पुरावा हवा: पुण्यातल्या दवाखान्याचे कागद, बाळाचा जन्मदाखला, जाण्या-येण्याची तिकिटं. आणि एक लक्षात ठेवायचं, की ही सवलत एकदाच आहे. दुसऱ्या खेपेला पुन्हा सात महिने गेलात तर ती मिळणार नाही, तेव्हा सहा महिन्यांच्या आत परत यायचं.

माझी स्वतःची फाइल एकदा परत आली होती, ती मात्र गैरहजेरीमुळे नाही. मी माझे कागद नीट लावले होते: घरभाड्याचा करार, विजेची बिलं, बँकेचे उतारे, प्लास्टिकच्या खिशांत वर्षवार घातलेले. पण मधल्या काळात नवऱ्याने नोकरी बदलली होती आणि त्या तीन महिन्यांच्या त्याच्या कागदांची जागा रिकामी होती. बाई स्वतःचे पुरावे गोळा करते आणि विसरते, की पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत सगळी इमारत नवऱ्याच्या कामाच्या पुराव्यावर उभी आहे. त्याच्या पगारपत्रिका, वर्षाचे कराचे हिशेब आणि नोकरी गेली असेल तर बेरोजगार म्हणून नोंद केल्याचा कागद, हे सगळं लागतं. ही शेवटची नोंद फार मोलाची आहे. वर्षभराहून अधिक काम केलेल्या माणसाची नोकरी त्याच्या इच्छेविरुद्ध गेली आणि त्याने रीतसर नोंद केली, तर कायदा त्याला कामगारच मानतो आणि बायकोचीही सलगता टिकते.

दुसरी अडचण नावांची. माझ्या जन्मदाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि आडनावं दोन वेगळी. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र, आणि लग्नाच्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा शिक्का), एवढं निघण्याआधीच करून घ्या. जर्मनीला जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. भारताच्या अपॉस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने तिथे कागद वेगळ्या पद्धतीने तपासले जातात. गोव्याच्या जोडप्यांनी आणखी एक पाहावं. नवऱ्याचं लग्न पोर्तुगीज दफ्तरात नोंदलं आहे का? इकडे दोन मुलं झाली तरी लिस्बनच्या नोंदीत तो अविवाहितच असतो, आणि मग तुमच्या लग्नाबद्दल नको ते प्रश्न निघतात. खोट्या लग्नांना आळा घालण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, त्यामुळे असे प्रश्न विचारले जाणारच.

पाच वर्षांच्या आत काही वाईट घडलं तर काय, हे कुणी विचारत नाही. मी ते मुद्दाम सांगते, कारण कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

नवरा वारला, आणि त्याआधी किमान एक वर्ष बायको त्या देशात त्याची जोडीदार म्हणून राहिलेली असेल, तर तिचा हक्क टिकतो. नवरा कामगार होता, दोन वर्षं सलग त्या देशात होता आणि नोकरीत असताना गेला, तर सोबत राहणाऱ्या बायकोला पाच वर्षांची वाट न पाहता पीआर मिळू शकतो. मृत्यू कामावरच्या अपघाताने झाला असेल, तर दोन वर्षांचीही अट नाही. कारखान्यात, गोदामात, बांधकामावर काम करणाऱ्यांच्या घरी हे माहीत असायला हवं.

घटस्फोट झाला तर लग्नाला किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि त्यातलं किमान एक वर्ष दोघांनी त्या देशात काढलेलं हवं. ही तीन वर्षं घटस्फोटाचा अर्ज कोर्टात दाखल होण्याच्या दिवसापर्यंत मोजतात. मुलाचा ताबा बायकोकडे असेल, किंवा घरात मारहाण, छळ झाला असेल, तर तीन वर्षं नसली तरी हक्क टिकू शकतो. हक्क टिकला, तरी पीआर मिळेपर्यंत तिने स्वतः कमावतं असावं लागतं किंवा पोटापुरते पैसे आणि विमा दाखवावा लागतो.

पण इथे एक खोल खड्डा आहे, आणि तो दाखवणारा खटला पुन्हा एका भारतीय माणसाचा, आयर्लंडातलाच आहे. कुलदीप सिंग यांची बायको लॅटव्हियाची होती. ती आयर्लंड सोडून गेली आणि त्यानंतर घटस्फोटाचा अर्ज झाला. लग्नाला तीन वर्षांहून जास्त झाली होती. तरीही २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की युरोपीय जोडीदार आधी देश सोडून गेला आणि अर्ज नंतर झाला, तर या कलमाखाली हक्क टिकत नाही. तो गेला त्या दिवशीच त्याच्यामुळे मिळालेला हक्क संपला, आणि संपलेला हक्क घटस्फोटाच्या अर्जाने परत येत नाही. सगळा फरक दोन तारखांच्या क्रमाचा. छळ झालेल्या जोडीदारासाठी न्यायालयाने २०२१ मध्ये बेल्जियमच्या एका खटल्यात हे थोडं सैल केलं: युरोपीय जोडीदार निघून गेल्यावरही वाजवी मुदतीत अर्ज केला तर संरक्षण मिळतं. पण घरात काही बिनसलंय असं दिसत असेल, तर नवरा सामान बांधायच्या आधी वकिलाला गाठा. 'लोक काय म्हणतील' म्हणून थांबलेल्या बाईचं नुकसान कायदा भरून देत नाही.

म्हणूनच मी ओळखीच्या प्रत्येक मुलीला सांगते, की नवऱ्याचा पासपोर्ट, पगारपत्रिका, कराचे कागद यांच्या प्रती तुझ्या फोनमध्ये, तुझ्या ईमेलवर ठेव. चांगल्या चाललेल्या घरातही ठेव. हा अविश्वास नाही, हे तुझ्याच अर्जाचे कागद आहेत.

पीआर झाल्यावर मिळतं काय, तेही सांगते. अटी जातात. नवरा काय करतो, तुम्ही कमावता की नाही, हे विचारलं जात नाही. भाषेची परीक्षा नाही. कार्ड दहा वर्षांचं असतं आणि दहा वर्षांनी नवं मिळतं. हक्क जातो तो सलग दोन वर्षांपेक्षा जास्त त्या देशाबाहेर राहिलात तर. देशाबाहेर काढायचं तर सार्वजनिक सुव्यवस्थेचं किंवा सुरक्षिततेचं गंभीर कारण हवं. मर्यादा एवढीच, की हा पीआर त्याच देशापुरता आहे. आयर्लंडचा पीआर घेऊन जर्मनीत स्थायिक होता येत नाही; नवऱ्यासोबत तिकडे गेलात तर तिथली पाच वर्षं पहिल्यापासून मोजायची.

स्विंडन आणि साउथॉलमध्ये राहणाऱ्या गोवेकरांसाठी थोडक्यात: ब्रिटनमध्ये हा निर्देश आता लागू नाही. नवरा ३१ डिसेंबर २०२० च्या आधीपासून तिथे राहत असेल आणि तुमचं नातंही त्या आधीचं असेल, तर तिथल्या सेटलमेंट योजनेतून पाच वर्षांनी कायमचा दर्जा मिळतो. ज्यांचं नातंच त्यानंतर जुळलं, त्यांना ब्रिटनचा नेहमीचा जोडीदार व्हिसाच घ्यावा लागतो.

त्या शनिवारी मी वहीचं एक पान काढलं आणि तिला विचारलं, "तू पहिल्यांदा इथे उतरलीस ती तारीख सांग." तिला मार्च एवढंच आठवत होतं. शिक्का जुन्या पासपोर्टवर होता आणि तो पुण्याला, आईच्या कपाटात. तिने तिथूनच फोन लावला. काकूंनी साड्यांच्या खालून पासपोर्ट काढला, चष्मा शोधला, आणि दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जरा हललेला फोटो आला. शिक्का मार्चच्या ११ तारखेचा. नवरा तेव्हापासून एकाच ठिकाणी नोकरीला, त्याच्या पगारपत्रिका जागेवर. कार्ड हातात पडायलाच सप्टेंबर उजाडला होता, म्हणून तिच्या मनात सप्टेंबर बसलेला.

मी मार्चपुढे पाच वर्षं मांडली आणि पान तिच्याकडे वळवलं. तिने बोटांवर पुन्हा मोजलं.

"म्हणजे ताई, गेले चार महिने मी..."

"हो. आता कार्ड संपायच्या आत पीआरचा, म्हणजे ईयू थ्रीचा अर्ज भरू. आण ती पिशवी इकडे."